बाकी अलग

मृगाच्या संत्राबागा ताणावर असतात, बदल्यांचे आदेश निघालेले असतात, शाळा उघडायला पंधरा दिवस उरलेले असतात, तेव्हा वऱ्हाडातल्या आमच्या वरूडमध्ये खोल्या बदलल्या जातात. मालवाहू ऑटोत कुलरचा सांगाडा, गादीची वळकटी, शेगडी आणि पुस्तकांची दोन खोकी घालून एखादा नवा शिक्षक, एखादी परिचारिका किंवा बँकेत नुकताच लागलेला पोरगा एका दारातून दुसऱ्या दाराशी जातो आणि एकच प्रश्न विचारतो, “किराया किती हाये?” समोरून उत्तर येते, “चार हजार. बाकी अलग.” व्यवहार तिथे ठरतो. चार हजार हा आकडा दोघांच्या लक्षात राहतो; ‘बाकी अलग’ हे दोन शब्द कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. महिन्याच्या खर्चाचा हिशेब मात्र याच दोन शब्दांपाशी बिघडतो. घरभाड्याचा इतिहास पाहिला तर दिसते की शतकानुशतके भांडणे ठरलेल्या आकड्यावर फार थोडी झाली. ती झाली त्या आकड्याच्या बाहेर काय राहिले, यावर.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांच्या व्यवहारांची चर्चा आहे, आणि भाड्याला तिथे ‘अवक्रय’ असा शब्द आहे. निघून जायला सांगितल्यावरही जो राहतो त्याला बारा पणांचा दंड. आणि भाडे भरणाऱ्याला जो मालक बाहेर काढतो त्यालाही तेवढाच दंड, मात्र तो भाडेकरू शिवीगाळ, चोरी, दांडगाई किंवा खोट्या हक्काने वापर अशा गोष्टीत सापडलेला नसला पाहिजे. दोन्ही बाजूंना एकाच मापाने तोलणारा हा नियम वाचला की आजही आदर वाटतो. पण त्याच्याच पुढचे वाक्य आपण सहसा वाचत नाही: जो आपण होऊन घर सोडून जातो, त्याने वर्षाचे उरलेले भाडे भरावे. म्हणजे त्या काळी घराचे भाडे मोजायचे माप वर्ष हे होते. शेतीच्या समाजात ते स्वाभाविकही होते, कारण पैसा हंगामाला येत होता आणि देणेही हंगामालाच फिटत होते.

रोममध्येही भाड्याचे वर्ष जुलैच्या पहिल्या तारखेला फिरत असे, आणि त्या सुमारास उंच इमारतींमधली बिऱ्हाडे सामानसुमान घेऊन रस्त्यावर दिसत. यादवी युद्धाने शहर कर्जात बुडाले तेव्हा ज्यूलिअस सीझरने रोममध्ये दोन हजार सेस्टर्सपर्यंतचे आणि उरलेल्या इटलीत पाचशेपर्यंतचे एका वर्षाचे भाडे माफ केले. तेव्हापासून राज्यकर्ते भाड्याच्या प्रश्नाला संकटकाळी माफी देत आले आणि एरवी त्याच्याकडे पाठ फिरवत आले. भाडेकरूने शांत काळात आपला हिशेब कसा मांडावा, हे त्याला कुणी शिकवले नाही.

आमच्या वऱ्हाडाला तर ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण हा सगळा प्रांतच एकेकाळी भाड्याने दिलेला होता. अठराव्या शतकात इथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. रयतेकडून एक वसूल करी आणि दुसरा वाटा मागे. १८०३मध्ये अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाल्यावर देवगावच्या तहाने भोसल्यांचा वाटा संपला. पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाकडे थकत गेला, आणि १८५३मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत त्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. महसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा आणि उरेल ते मालकाला द्यायचे, असे ठरले. आता ‘कारभाराचा खर्च’ म्हणजे काय आणि किती, हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात खर्च करण्याचा अधिकार, तोच. उरेल ते देण्याच्या करारात काही उरावे, असे खर्च करणाऱ्याला वाटण्याचे कारण नसते.

१८६०च्या तहात निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव परत मिळाले, पण वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क त्याच तहात गेला. सालारजंगांसारखा कर्तबगार दिवाण पुढे वर्षानुवर्षे वऱ्हाड परत मागत राहिला, ते व्यर्थ गेले. शेवटी १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिश सरकारकडे, आणि त्याचा किराया वर्षाला पंचवीस लाख रुपये. आकडा स्पष्ट झाला खरा, पण तो हातात पडण्याआधीच त्यातून हैदराबादने पूर्वी घेतलेल्या कर्जाची वळती सुरू झाली. आणि १९२५मध्ये मालकाने आपला प्रांत परत मागितला तेव्हा, १९२६च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिले की सार्वभौम सत्ता आमची आहे, बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा तुम्हाला अधिकार नाही. ज्या प्रांताच्या भाड्याबद्दल दोन सरकारे अर्धशतकाहून अधिक काळ भांडली, त्या प्रांतातल्या माणसाने आपल्या दोन खोल्यांचा करार तोंडी करावा, याचे मला नेहमी दुःख वाटते. हिशेब मागण्याचा हक्क एकदा सोडला की पुढे आकडा वाढवून मिळतो, हक्क परत मिळत नाही, हे याच मातीत घडलेले आहे.

याच काळात वऱ्हाडात महिना आला. हे विधान विचित्र वाटेल, पण त्याचा अर्थ सरळ आहे. त्याआधी इथला माणूस सालाने जगत होता. सालदार पाडव्याला ठरायचा आणि पाडव्याला मोकळा व्हायचा. सावकाराचे देणे कापूस निघाल्यावर फिटायचे. बलुत्याचा वाटा खळ्यावर मोजला जायचा. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७मध्ये बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अमरावती, अकोला, खामगाव इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांच्यासोबत फिटर आला, मुनीम आला, तारबाबू आला, कचेरीतला कारकून आला, आणि या सगळ्यांबरोबर महिन्याचा पगार व महिन्याचे भाडे आले. शेतकऱ्याच्या पोराने पहिल्यांदा असे देणे पाहिले, जे पाऊस पडो न पडो, पहिल्या तारखेला उभे राहते. वर्षाच्या हिशेबाची सवय मोडली. महिन्याच्या हिशेबाची नीट जडली नाही. आजचा आपला गोंधळ या संधिकाळातूनच आलेला आहे, असे माझे मत आहे.

बर्लिनचा संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे याने १८६८मध्ये, म्हणजे रेल्वे नागपूरला पोहोचल्याच्या पुढच्याच वर्षी, शहरातल्या कुटुंबांचे उत्पन्न आणि भाडे शेजारी शेजारी मांडून दाखवले की माणूस जितका गरीब, तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा भाड्यात जातो. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१च्या सुमारास गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तिचा अहवाल १९२३मध्ये निघाला. त्यात भाड्याचा वाटा खर्चाच्या दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. वरवर पाहता श्वाबे इथे खोटा ठरला असे वाटेल. पण त्या कामगाराचे घर म्हणजे दहा बाय दहाची एक खोली, नळ मजल्याला एक, संडास सामाईक, आणि त्याच खोलीत गावाकडून आलेले आणखी दोघे. भाडे कमी होते, कारण भाड्यात जे मिळायला हवे तेच त्यात नव्हते. हवा, पाणी, उजेड आणि झोप यांची किंमत कामगाराने आजारपणात भरली आणि ती कोणत्याही रकान्यात चढली नाही. भाड्याचा आकडा लहान दिसला की माझ्या मनात पहिली शंका हीच येते, की यातून काय वगळले आहे?

पहिल्या महायुद्धाने मुंबईत जागा दुर्मीळ झाल्या, भाडी भडकली, आणि १९१८मध्ये सरकारने भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवले. आपल्या भागात तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचे राज्य होते, म्हणून इथे १९४९चा घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश आला. भाडे नियंत्रकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला नोटीस देता येत नसे, रिकामी झालेली जागा प्रशासनाला कळवावी लागे आणि ती सरकारी नोकराला किंवा फाळणीने विस्थापित झालेल्या कुटुंबाला देण्याचा अधिकार प्रशासनाला होता. १९५६मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, १९६०मध्ये महाराष्ट्रात आलो, तरी विदर्भात हा आदेश २०००पर्यंत चालू राहिला. त्याचा हेतू करुणेचा होता आणि त्या काळी तो आवश्यकही होता. पण पन्नास वर्षे गोठवलेल्या आकड्याने जे व्हायचे तेच झाले. मुंबईत दहा-वीस रुपये महिना भाड्याच्या चाळींना टेकू लागले, कारण दुरुस्तीला मालकाच्या हातात पैसा नव्हता आणि भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नव्हती. उघड भाडे गोठले म्हणून पागडी अंधारात वाढली. शेवटी १९९७च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुन्या पातळीला बांधलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत.

दुरुस्ती कुणी करायची, या एका कलमाने काय होते हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी एका ब्रिटिश कंपनीने कापसासाठी बांधली. स्वातंत्र्य आले, देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे त्यावर गाडी चालवण्याचा मोबदला भरत राहिली. रुळांची निगा कंपनीने राखायची, असे करारात होते. कंपनी राखत नव्हती. चालवणारा दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसा घालत नव्हता. गाडीचा वेग कमी होत गेला आणि अखेर ती थांबली. ज्यांनी गावाकडून अमरावतीला शिकायला जाताना तिच्यातून प्रवास केला आहे, त्यांना हे सांगताना गळा दाटतो. मालक आणि वापरणारा यांच्यामध्ये पडलेल्या कलमाने एक अख्खी रेल्वे संपवली, तिथे गळक्या स्लॅबची आणि जळालेल्या मोटारीची काय कथा?

या सगळ्या काळात वऱ्हाडाने एक वेगळी वाटही दाखवली होती, तिचाही उल्लेख व्हायला हवा. खेड्यातले पोर शहरात भाड्याने राहू शकत नाही म्हणून त्याचे शिक्षण थांबते, हे डॉ. पंजाबराव देशमुखांनी ओळखले आणि अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले. १९३२मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली तिच्या मुळाशीही हीच जाणीव होती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा केला, आणि स्वतः मात्र कुठल्याही छपराखाली मुक्काम मांडला नाही. कीर्तनात ते कर्ज काढू नका म्हणून सांगत. निवारा आणि कर्ज या दोन गोष्टी त्यांनी एकाच उपदेशात गुंफल्या, हा योगायोग मला वाटत नाही. छपरासाठी काढलेले कर्ज माणसाला त्या छपराखाली स्वस्थ झोपू देत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. त्यात भाडेवाढीला वर्षाला चार टक्क्यांची मुभा आहे, पावती देणे बंधनकारक आहे, पाणी आणि वीज तोडून भाडेकरूला छळायला मनाई आहे. माझ्या मते त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम पंचावन्नावे आहे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. भाड्याचा करार लेखी असावा आणि तो नोंदवावा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाईल. तरीही आपल्याकडे अजून ‘अकरा महिन्यांचा करार’ शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर होतो आणि कपाटात जातो. अकरा महिने का? कारण १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोकांनी महिना कापला. राज्यात १९९९च्या कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली, पण कापलेला महिना तसाच राहिला. कारण संपले, रूढी उरली. शंभर वर्षांपूर्वीच्या पळवाटेला आपण आज नियम समजतो.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राने २९ तारखेच्या आदेशात सांगितले की स्थलांतरित मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली. सीझरने दोन हजार वर्षांपूर्वी वापरलेला उपाय तसाच पुन्हा आला. आदेश निघाले आणि माणसे चालत घरी गेली, कारण ज्याच्याजवळ एका महिन्याचे भाडे शिल्लक नव्हते त्याला माफीच्या कागदावर विसंबून परक्या गावात राहण्याचे धैर्य झाले नाही. त्या वेळी मध्य प्रदेशातले मजूर वरूडवरून पांढुर्ण्याच्या रस्त्याने जाताना आपण पाहिले आहेत. २०२१च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे त्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो मसुदाच राहतो.

आता वरूडच्या त्या खोलीकडे परत येऊ. वीसएक वर्षांपूर्वी मी इथे एका माडीवर राहत होतो. खाली मालक, वर आम्ही तीन बिऱ्हाडे, आणि चौघांना मिळून महावितरणचे एकच मीटर. प्रत्येकाला जिन्याखाली सबमीटर होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मालकाचे म्हातारे वडील टॉर्च घेऊन यायचे, डोळे बारीक करून आकडे वाचायचे आणि भिंतीच्या चुन्यावर पेन्सिलीने तारीख व रीडिंग लिहायचे. वर्षानुवर्षांच्या आकड्यांनी ती भिंत कमरेपासून खांद्यापर्यंत भरली होती. मे महिन्यात दर युनिटला आमच्याकडून वसूल होणारा दर एकाएकी वाढला आणि जिन्यात मोठे भांडण झाले. आम्हाला वाटले मालक लुबाडतो. त्याला वाटले आम्ही रात्री चोरून हीटर लावतो. खरे कारण पुढे कितीतरी दिवसांनी मला बिलाच्या मागच्या बाजूला सापडले. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. चार बिऱ्हाडांनी प्रत्येकी नव्वद युनिट वापरले आणि प्रत्येकाचे वेगळे मीटर असले, तर चौघेही पहिल्या, स्वस्त टप्प्यात राहतात. तेच चौघे एका मीटरवर आले की एकूण तीनशेसाठ होतात. दोनशे युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात आणि साठ तिसऱ्यात. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर सोळा टक्के वीज शुल्क. कुणीच चोरी करत नव्हते. चौघांनी मिळून एक महाग मीटर वापरले होते, आणि ते कुठे लिहिलेले नव्हते म्हणून चौघांनी एकमेकांना चोर ठरवले. त्या म्हाताऱ्यांनी मला नंतर कधी राम राम घातला नाही. चूक माझी होती, आणि ती मान्य करायला मी उशीर केला.

आजच्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला २०२३पासून महिना सोळा हजार रुपये मानधन आहे. नियमित शिक्षकाला लहान गावात मूळ वेतनाच्या आठ टक्क्यांपासून सुरू होणारा घरभाडे भत्ता सातव्या वेतन आयोगाने दिला. सेवकाला मानधनाबाहेर असा भत्ता नाही. समजा त्याने चार हजारांची खोली घेतली. पगाराचा चौथा हिस्सा. हा अंदाज सहसा सुरक्षित मानतात. पण आता ‘बाकी अलग’ मांडू. कुलर बंद असतानाच्या आठ महिन्यांत वीज पाचशे रुपये, मार्च ते जून चौदाशे, म्हणजे वर्षाचे नऊ हजार सहाशे. पाण्याची मोटार, जिन्याचा दिवा आणि सफाई महिना दोनशे, वर्षाचे दोन हजार चारशे. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी कुप्रसिद्ध आहे. एप्रिल-मेमध्ये वाट्याला येणारे टँकर धरा सोळाशे. कुलरचा पंप आणि गवत आठशे. सामान हलवायला अडीच हजार, कराराला बाराशे, आणि सोडताना रंगासाठी अनामतीतून कापले जातात ते दोन हजार. हे सगळे वीस हजार शंभर होतात. अठ्ठेचाळीस हजारांच्या भाड्यात ते मिळवून बारांनी भागले तर महिना पाच हजार सहाशे पंचाहत्तर येतो, पगाराच्या पस्तीस टक्के. सांगितलेला किराया चार हजार. भरलेला किराया पावणेसहा हजारांच्या जवळ.

पण खरा घात सरासरीत दिसत नाही. पहिल्या महिन्यात तीन महिन्यांची अनामत बारा हजार, आगाऊ भाडे चार हजार, ऑटो अडीच हजार, करार बाराशे: एकूण एकोणीस हजार सातशे. सोळा हजारांच्या माणसाकडे ते कुठून येणार? खोलीत पाय ठेवण्याआधीच तो कुणाचा तरी ऋणी होतो, आणि पुढचे वर्षभर प्रत्येक महिना आधीच्या महिन्याचे खड्डे बुजवत राहतो. निजामाच्या पंचवीस लाखांतून जशी आधी कर्जाची वळती होत होती, तशीच.

म्हणून मला वाटते, आपण विसरलेली जुनी सालाची रीत इथे पुन्हा उपयोगी पडेल. महिन्याने येणारा पैसा सालाच्या चौकटीत बसवायचा. जे खर्च वर्षातून एकदाच येतात त्यांना बारांनी भागून दर महिन्याला वेगळे काढायचे. दिवाळीनंतरच्या थंडीत वीजबिल पाचशे येते तेव्हाही विजेच्या नावाने आठशे काढून उरलेले बाजूला टाकायचे, म्हणजे मे महिन्याचे चौदाशे उसने घ्यावे लागत नाहीत. संत्र्याचा बागाईतदार हे शिकवल्याशिवाय जाणतो. आंबिया बहाराचा पैसा हातात आला की तो पुढच्या ताणाचे, खताचे, मजुरीचे पैसे आधी बाजूला काढतो आणि मग लग्नाची बोलणी करतो. त्याचाच मुलगा अमरावतीला किंवा पुण्याला भाड्याने राहायला गेला की पंधरा तारखेला घरी फोन करतो. बापाचे शहाणपण मुलापर्यंत पोचले नाही, कारण आपण त्याला शेतीचे शहाणपण समजलो. ते पैशाचे होते.

मालकांनाही माझे सांगणे आहे. घर बांधायला कर्ज काढले आहे, नगर परिषदेची घरपट्टी आहे, खोली दोन महिने रिकामी राहिली तर वर्षाचा हिशेब कोलमडतो, हे सगळे खरे आहे आणि भाडेकरूने ते समजून घेतले पाहिजे. पण जे खर्च तुम्हाला आधीच ठाऊक असतात ते भाडेकरूला नंतर कळावेत, यात व्यवहार नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर घेता येते. तो खर्च एकदाच होतो आणि दरवर्षीच्या मे महिन्यातले भांडण संपते. चार-पाच हजारांच्या खोलीच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्काच पडते, आणि नोंदणी शुल्क नागरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्या. करारात वीज कोणत्या दराने, पाणी कुणाचे, टँकर कुणाचा, मोटार जळाली तर कोण भरणार आणि अनामतीतून काय कापणार, या पाच ओळी लिहा. त्या लिहायला अर्धा तास लागतो.

या जूनमध्ये खोली पाहायला जाल आणि समोरून ‘बाकी अलग’ ऐकाल, तेव्हा लगेच हो म्हणू नका. दारातच उभे राहून विचारा, अलग म्हणजे काय काय, आणि मे महिन्यात किती. मालकाला उत्तर ठाऊक असते.